आडे सरांची चूळ

आडे सरांचा प्रोग्रॅम सुरू केला की आधी काळा पडदा येतो आणि त्यावर दोन शब्द उमटतात: "कोण हाय?" नाव टाकल्याशिवाय तो पुढे हलत नाही. नाव टाकलं की म्हणतो, "बसा." मग कामाला लागतो. सर जाऊन आता तिसरा पावसाळा. दर जूनमध्ये मी तो एकदा चालवते आणि दर वेळी त्या प्रश्नापाशी माझा हात थांबतो. माणूस गेला, त्याच्या खोलीत आता दुसरं कुणी बसतं, पण दाराशी कोण आलंय हे तो अजून विचारतोच. मी गणित शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी नाव टाकण्याआधी मी चष्मा पुसते आणि पदर सारखा करते, हे कबूल करायला हवं.

सर कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे डोंगरकड्याजवळच्या एका तांड्यावरचे. आजोबा बैलांवर माल लादून गावोगाव फिरत, हे ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगून टाकत, म्हणजे मागून कुजबुजायला काही उरत नसे. उंच, हाडकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गातलं माझं कलन त्यांच्या बेडकाच्या काळजाखाली गाडलं जाई. मी दोनदा तक्रार केली. "मॅडम, तुमीबी मोठ्यानं शिकवा की," एवढंच उत्तर मिळालं.

त्यांच्या प्रॅक्टिकलला एक नियम होता. लिहून झालं की सर टाळी वाजवत आणि म्हणत, "वह्या बदला." प्रत्येकानं दुसऱ्याची वही घ्यायची आणि तीत लिहिलंय तेवढंच वाचून तो प्रयोग पुन्हा करून दाखवायचा. ज्याची वही, तो शेजारीच उभा, पण तोंडात चूळ भरून. प्रयोगशाळेतले खाजामामू त्यासाठी पाण्याचा जग घेऊन फिरत. चूळ थुंकायची नाही आणि गिळायचीही नाही. समोरचा आपल्या वहीवरून भलतंच द्रावण ओततोय हे डोळ्यांना दिसतंय आणि सांगता येत नाही! पोरं पाय आपटत, डोळे वटारत, एखादी रडकुंडीला येई. कुणी न राहवून पाणी गिळून बोललंच, तर सर त्याच्या वहीवर लाल शाईनं फुली मारत.

"तू बोललास म्हंजे तुझी वही मुकी हाय," ते म्हणत. "उद्या तू मेलास तर हिनं कुणाला इचारायचं?"

पोरं हसत. मीही हसायची, दारात उभी राहून.

एकदा कॉलेजची तपासणी करायला समिती आली. अध्यक्ष गृहस्थ मोठे विद्वान होते आणि तसं दिसावं याची त्यांना काळजीही होती. या वह्या बदलण्याच्या प्रकारात शास्त्रीय असं काय आहे, असं त्यांनी जरा नाक वर करून विचारलं. सरांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला. "सूक्ष्मदर्शक कसा साफ करायचा, चार ओळी लिहा साहेब." साहेबांनी लिहिलं. सरांनी कागद खाजामामूंच्या हाती दिला आणि पाण्याचा पेला साहेबांच्या. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला, पण साहेबांनी खरंच चूळ भरली. मामूंनी कागद वाचला आणि अगदी गंभीरपणे आपल्या मळक्या सदऱ्याचं टोक उचलून भिंगावर घासायला सुरुवात केली. साहेबांनी चूळ गिळली आणि ओरडले, "अहो, हे काय करता?"

"कपडे से पोछो लिखे ना साब," मामू म्हणाले, "तो पोछरा मैं."

"फुली," सर म्हणाले. अहवालात आमच्या प्रयोगशाळेबद्दल दोन ओळी चांगल्या आल्या, त्या कशा आल्या हे प्राचार्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या वाट्यालाही फुली आली. मी नुकतीच नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. "रविवारी तुमच्या घरी जेवायला येतो," सर म्हणाले, "पण रस्ता लिहून द्या, तोंडी सांगू नका." माझं घर आखाडा बाळापूरचं. मी ऐटीत लिहिलं: स्टँडवरून सरळ या, पिंपळापाशी डावीकडे वळा, तिसरं घर. रविवारी आई स्वयंपाक करून वाट बघत बसली. सर तीन वाजता आले ते ढेकर देत. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खराखुरा पिंपळ आहे. त्याच्या डावीकडच्या तिसऱ्या घरातल्या मंडळींनी दारात आलेला पाहुणा म्हणून त्यांना पोटभर जेवू घातलं होतं. मी लिहिलेला पिंपळ मी शाळेत असतानाच रस्त्यासाठी तोडला गेला होता. आमच्या गल्लीत त्या जागेला अजून पिंपळच म्हणतात.

"फोन तरी करायचा," मी चिडून म्हणाले.

"फोन केला अस्ता तर तुमची चूळ सुटली अस्ती." त्यांनी माझा कागद काढला आणि आईसमोर त्यावर फुली मारली. "मॅडम, साऱ्या गावाला ठाऊक असतं, तेच कागदावर येत न्हाई."

आईनं त्यांना पुन्हा जेवायला बसवलं आणि ते पुन्हा जेवलेही. तो कागद माझ्याकडे आहे.

सरांचं खरं वेड म्हणजे कंदमाशी. हळदीच्या बुंध्याशी अंडी घालणारी काळी, लांब पायांची माशी. तिच्या अळ्या जमिनीतल्या कंदात शिरतात आणि कंद सडतो. ती कोणत्या दिवसांत वाढणार हे आधी कळलं, तर शेतकरी वेळेवर मातीची भर लावून कंद झाकून घेईल, इतका साधा विचार. पन्नाशीला टेकलेला हा माणूस स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून प्रोग्रॅम लिहायला शिकला. पाऊस किती पडला, ऊन किती तापलं हे आकडे घातले की त्यांच्या प्रोग्रॅमात अंडी, अळ्या, कोष, माश्या अशा पिढ्या वाढायच्या आणि शेवटी आलेख निघायचा. त्यात तीन उंचवटे, म्हणजे हंगामात माश्यांच्या तीन लाटा. शेतात चिकट सापळे लावून, भिंगातून एकेक माशी मोजून त्यांनी तो आलेख खरा करून घेतला होता. समीकरणं मी तपासून दिली, म्हणून छापून आलेल्या लेखात दुसरं नाव माझं आहे.

तो प्रोग्रॅम उघडून आतल्या ओळी वाचल्या तर सर बोलायलाच लागतात. प्रोग्रॅममध्ये संगणकानं वाचू नयेत, फक्त माणसानं वाचाव्यात अशा टिपा लिहिता येतात. सरांनी त्या जागोजाग लिहून ठेवल्यात, आपल्या बोलीत. "हितं भागाकार हाय, खाली शून्य आलं तर मी जबाबदार न्हाई." "ह्या ओळीपाशी मी तीन दिवस अडकलो व्हतो, तुमी अडकू नका." "घाई काहून करून राहिले? च्या पिऊन या." मागेल त्याला ते हे सगळं पेनड्राइव्हवर देऊन टाकत. "माझ्यापाशी चालून राहिलं ह्यात काय मोठं?" म्हणायचे. "दुसऱ्याच्या घरी चाललं तर खरं."

एका वर्षी अंदाज चुकला. माश्या आधी आल्या आणि सरांच्या भरवशावर थांबलेल्यांच्या हळदीचं नुकसान झालं. पाऊसच विचित्र पडला म्हणा आणि मोकळे व्हा, असं आम्ही सगळ्यांनी सुचवलं. "अंदाज पावसानं दिला व्हता का? म्या दिला व्हता," म्हणून ते स्कूटर काढून निघाले. मीही मागे बसले, उगाच कुणी अंगावर आलं तर असावं कुणी म्हणून. डोंगरकड्याच्या शेताशेतांत जाऊन हा माणूस एकेकाला सांगत होता, "दादा, माझं चुकलं." आणि लगेच पुढच्या सालचं सांगत होता, "आता मघा सरायच्या आत भर लावा." ते वाक्य मी त्या दिवशी पंधरा-वीस वेळा तरी ऐकलं असेल. ऐकलं आणि सोडून दिलं.

सर निवृत्त होऊन तांड्यावर राहायला गेले. त्यानंतर वर्षभरानं दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक बाईंचा मेल आला. त्यांच्या भागातही हळद होती, कंदमाशी होती. त्यांना सरांचा प्रोग्रॅम हवा होता. सरांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज लग्नघरातल्या बापासारखा होता.

"मॅडम, कोणीतरी आपल्या वहीवरून करून राहिलं हो!"

त्यांनी त्याच दिवशी प्रोग्रॅम पाठवला. पंधरा दिवसांनी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, लिहिणंही गेलं. तो आवाज गेला, यावर मला कितीतरी दिवस विश्वासच ठेवता आला नाही.

पुढचे मेल माझ्याकडे येऊ लागले. प्रोग्रॅमला एक छोटी फाईल लागत होती आणि ती सापडत नव्हती. लेखात पावसाचे नऊ टप्पे दिले होते. प्रत्येक टप्पा किती दिवसांचा, हे त्या फाईलीत होतं. ती राहिली होती सरांच्या जुन्या संगणकात आणि तो संगणक कॉलेजनं केव्हाच भंगारात काढला होता. मी प्रोग्रॅममध्ये ती ओळ शोधली. शेजारी सरांची टीप होती: "टप्प्यांचे दिवस नेहमीचेच."

नेहमीचे म्हणजे पंधरवडा, मला वाटलं. जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नऊ पंधरवडे अगदी बरोबर बसत होते. तसं मी बाईंना कळवलं: एक जूनपासून पंधरा-पंधरा दिवस धरा.

आलेखात चार उंचवटे आले. मी इकडे चालवून पाहिलं, माझेही चार. टप्पे ताणले गेल्यामुळे ऑक्टोबरात माश्यांची एक जादा पिढी निघत होती, आणि लेखातल्या आलेखात ती नव्हती, सरांच्या शेतातल्या सापळ्यांतही नव्हती. बाईंनी दोन-तीनदा सौजन्यानं विचारलं. मग त्यांचा सूर बदलला. लेखातला आलेख या प्रोग्रॅममधून निघालेलाच दिसत नाही, तो हवा तसा काढून घेतलाय का, असं त्यांनी स्पष्ट विचारलं आणि पत्राची प्रत ज्या नियतकालिकात लेख आला होता त्यांना पाठवली. नियतकालिकाचं पत्र आलं: समाधानकारक खुलासा न मिळाल्यास लेख मागे घ्यावा लागेल. लेख मागे घेणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. शिकवण्याच्या धंद्यात ते खोटारडा म्हणून गावातून धिंड काढण्यासारखं आहे.

मी महिनाभर समीकरणं उलटीपालटी केली. रविवारी तांड्यावर जाई, सरांच्या खाटेजवळ बसे, इकडचं तिकडचं बोले आणि परत येई. आणि हळूहळू माझ्या मनात ते आलं. आलं हे लिहायला हात धजत नाही, पण आलं. तीन उंचवटे छान दिसतात. म्हाताऱ्या माणसाला एकदा आपलं नाव छापून यावंसं वाटलं असेल. ज्या माणसानं शेताशेतांत जाऊन आपली चूक सांगितली, त्याच्याबद्दल मला असं वाटलं.

मे महिन्यात सर गेले.

मृग लागल्यावर मी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला भेटायला गेले. लॅपटॉप सोबत होता, कारण काकूंना सरांचे फोटो हवे होते. ओट्यावर सरांचे थोरले भाऊ बसले होते, सखारामभाऊ. त्यांनी आतून एक पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली.

"आमच्या गणपतच्या पावसाच्या वह्या हायेत मॅडम. तुमच्या कामाच्या असत्याल तर न्या. त्यानं काचेचं माप दिलं व्हतं, म्या मोजायचो, म्याच लिवायचो. त्यो रविवारी येऊन उतरून घ्यायचा."

मी वही उघडली. जाड अक्षरांत एका पानावर एक साल, एका सालाच्या नऊ ओळी. पहिल्या पानावरचे आकडे मला तोंडपाठ होते. लेखातले नऊ टप्पे. प्रत्येक आकड्याच्या डावीकडे नाव होतं: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त.

मी मान वर केली. भिंतीवर दिनदर्शिका होती, कुठलं नक्षत्र कधी लागतं आणि त्याचं वाहन कोल्हा की बेडूक हे सांगणारी, घरोघर असते तशी. तिच्यावरून मी दिवस मोजले. कुठलं चौदा दिवसांचं, कुठलं तेराच दिवसांचं, आणि सुरुवात एक जूनला नाही तर आठवडाभर नंतर. पंधरा दिवसांचं एकही नाही. आमच्या घरी बाबा दुसऱ्या कुठल्या मापानं पाऊस मोजतच नव्हते. मघा सरायच्या आत भर लावा, हे मी स्कूटरवरून उतरून पंधरा-वीस वेळा ऐकलं होतं. मी शिकले आणि पंधरवडे मोजू लागले. सरही शिकले, पण त्यांच्या "नेहमीचे" मध्ये तांडा तसाच राहिला होता. साऱ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून ते कागदावर आलं नव्हतं. सगळ्या जगाच्या वह्यांवर फुल्या मारणाऱ्या माणसाची स्वतःची वही नेमकी तिथं मुकी निघाली.

लॅपटॉप ओट्यावरच उघडला. "कोण हाय?" मी नाव टाकलं. "बसा." फाईलीत नऊ आकडे भरले. आलेख निघाला. एक, दोन, तीन. चौथा आलाच नाही. सरांचा आणि माझा तीन उंचवट्यांचा छापील आलेख मी शेजारी धरला आणि मला रडू फुटलं.

काकू पडद्याकडे बघत होत्या. "काहून रडतीस वं माय? हे त्याहीचंच हाय न्हवं?"

"हो काकू. त्यांचंच आहे."

बाईंना मी सगळं कळवलं. मीच तुम्हाला चुकीचे दिवस दिले, हेही कळवलं. दोन दिवसांत त्यांचं उत्तर आलं: आलेख जुळला, सरांची मी माफी मागते, त्यांना कृपया सांगा. नियतकालिकानं लेखाखाली दुरुस्ती छापली. आता तो प्रोग्रॅम आणखी दोन-तीन ठिकाणी चालतो, आणि तिथल्या लोकांनाही तो आधी "कोण हाय?" विचारतो. सरांना हवं होतं ते झालं. मला मात्र त्याचा आनंद पुरता होत नाही, कारण एक भेट मी अजून सांगितलेली नाही.

सर जाण्याच्या दोन दिवस आधीची ती भेट. दुपारची वेळ होती. नियतकालिकाचं पत्र आलेलं होतं आणि मी वैतागले होते. मी दोन्ही आलेख त्यांच्यासमोर धरले, तीन उंचवट्यांचा आणि चार उंचवट्यांचा. सर बराच वेळ बघत राहिले. मग मी विचारलं. जसं विचारलं तसंच लिहिते.

"सर, हे आकडे तुम्ही मनानं तर घातले नाहीत ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. डावा हात हळूहळू उचलून त्यांनी खाटेजवळच्या पेल्याकडे बोट केलं. तहान लागली असेल म्हणून मी पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंडभर पाणी घेतलं आणि ते गिळेनात. गाल फुगलेले, ओठ गच्च मिटलेले, नजर माझ्यावर. मला वाटलं घशात अडकलं. मी घाबरून काकूंना हाक मारली. काकू धावत आल्या, पदरानं त्यांची हनुवटी धरली, पाणी काढून टाकलं. सर मान हलवत राहिले, नाही नाही अशी, आणि पुन्हा पेल्याकडे बोट करत राहिले.

"आताशा असंच करत्यात," काकू म्हणाल्या. "तू जा माय, तुझी बस जाईल."

मी आलेख पिशवीत भरले. उंबऱ्यापाशी चप्पल घालताना मागे वळून पाहिलं. काकूंनी पेला पुन्हा त्यांना दिला होता आणि त्या आत गेल्या होत्या. सर भिंतीला टेकून बसले होते, माझ्याकडे बघत, तोंडात चूळ धरून. मी बस पकडायला निघाले.